एक एकर विकून पीएचडी?

चोपडा तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आहे. वय 25. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी, सीजीपीए 8.1. दोन वर्षांपासून तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. घरची चार एकर केळी. तिला परदेशात पीएचडी करायची आहे, जमलं तर केळीच्या रोगांवर. नेट दिली, जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) थोडक्यात हुकली. पुण्यातल्या एका सल्लागाराने सांगितलं, "गावाकडच्या विद्यापीठावर थेट पीएचडी कुणी देत नाही, आधी तिकडचं एमएस करा." खर्च 40 ते 45 लाख, त्याची दीड लाख फी वेगळी. वडील एक एकर विकायला निघाले आहेत. कानबाईच्या सणाला, रोटांसाठी सगळी भावकी जमली तेव्हा विषय निघाला. काका म्हणाले, आधी लग्नाचं बघा. आजी म्हणाली, "इतलं शिकीसन काय करशी?" मुलगी विचारते: शेत विकू द्यावं का? माझ्या विद्यापीठाचं नाव पाहूनच अर्ज बाजूला टाकतील का? एकही पेपर छापलेला नाही, प्रोजेक्टही साधंच होतं, लोडशेडिंगमुळे त्यातलं निम्मं काम दोनदा करावं लागलं. इंग्रजी वाचते, पण बोलताना अडखळते. ताई, मला उशीर तर झाला नाही ना?

आधी शेताचं बोलते. तुझ्या पत्रात शेत विकण्याचा विषय चार वेळा आला आहे आणि केळीच्या रोगांवर पीएचडी करण्याचा एकदाच, यावरून घरात सध्या काय चाललंय याचा अंदाज येतो.

विज्ञानातल्या पीएचडीला पैसे आपण भरायचे नसतात, ते आपल्याला मिळतात. ही एक गोष्ट तुमच्या घरात कुणीच सांगितलेली दिसत नाही, आणि ज्याने सांगायला हवी होती त्याने दीड लाख मागितले. अमेरिकेत विज्ञान शाखांतले बहुतेक विभाग पीएचडीला घेताना फी माफ करतात आणि वर दरमहा विद्यावेतन देतात. बदल्यात तू पदवीच्या मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची किंवा प्राध्यापकांच्या प्रकल्पावर काम करायचं. जर्मनीत, नेदरलँड्समध्ये तर बहुतेक वेळा ती सरळ नोकरीच असते. जाहिरात निघते, मुलाखत होते, करार होतो, पगारातून कर कापला जातो. म्हणून माझा एक साधा हिशेब आहे: विज्ञानाच्या पीएचडीला प्रवेश दिला पण पैशाचं पत्र दिलं नाही, तर तो प्रवेश मिळालाच नाही असं धरायचं. इंग्लंडकडून अशी पैशाविना प्रवेशाची पत्रं बरीच येतात. नुसत्या "ऑफर"वर पेढे वाटू नकोस.

मग त्या सल्लागाराने एमएस का सुचवलं? फी भरून शिकणारा विद्यार्थी मिळवून दिला की अनेक विद्यापीठं एजंटाला कमिशन देतात. पीएचडीच्या विद्यार्थ्यावर त्याला काही सुटत नाही. तो खोटारडा आहे असं मी म्हणत नाही, त्याच्या दुकानात जो माल आहे तो त्याने दाखवला. पण तुझी तीन वर्षांची बीएस्सी आणि दोन वर्षांची एमएस्सी मिळून पाच वर्षं होतात, आणि थेट पीएचडीच्या अर्जाला ती पुरतात. नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर अमेरिकेत अडचण येते, हे खरं. तो नियम त्याने तुला लावला, आणि तू एमएस्सी झालेली आहेस हे तूच त्याला ठासून सांगितलं नाहीस.

खर्च अजिबात नाही असं मात्र नाही. अमेरिकेतल्या एका अर्जाला साधारण 75 ते 100 डॉलर लागतात. सहा अर्ज केलेस तर 50 हजार रुपयांच्या आसपास गेले. इंग्रजीची परीक्षा, गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती, मग व्हिसाचे 185 आणि सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी) नोंदणीचे 350 डॉलर, विमानाचं तिकीट, तिथल्या खोलीचं डिपॉझिट. पहिलं विद्यावेतन हातात पडेपर्यंत महिना-दीड महिना जातो, तेवढ्या दिवसांची सोयही लागते. माझ्या अंदाजाने सगळं मिळून अडीच-तीन लाख. ही रक्कम लहान नाही, पण यासाठी एकर विकावा लागत नाही, आणि ती एकदम लागत नाही. निम्म्याहून जास्त खर्च प्रवेश आणि पैशाचं पत्र हातात आल्यानंतरचा आहे. अर्जाची फीही पुष्कळ ठिकाणी माफ होते. अर्ज सादर करण्याआधी विभागाच्या कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल करून विचारायचं. लाजायचं नाही, ते रोज असे ईमेल वाचतात. युरोपातल्या बहुतेक जागांना तर अर्जाची फी नसतेच.

आता विद्यापीठाच्या नावाचं. नाव ओळखीचं असलं तर फायदा होतो, हे मी नाकारणार नाही. आयआयटीचा शिक्का असलेल्या अर्जाकडे वाचणारा जरा सैल होऊन पाहतो. जळगावचं विद्यापीठ 1990 सालचं, तिकडच्या माणसाने ते ऐकलेलं नसणार. पण त्यामुळे अर्ज फेकला जात नाही. वाचणारा तुझ्याबद्दल दुसरीकडे पुरावा शोधतो, एवढंच. तो पुरावा तुझ्या पत्रात आहे आणि तू तो तक्रार म्हणून लिहिला आहेस.

तू केळीच्या मुळांभोवतालच्या मातीतून जिवाणू वेगळे केलेस आणि ते मर रोगाच्या बुरशीला प्लेटवर रोखतात का ते पाहिलंस. मध्येच वीज जायची, इन्क्युबेटर थंड पडायचा. तेव्हा दर दोन तासांनी तापमान वहीत लिहून, ज्या फेऱ्यांत ते घसरलं त्या दोन फेऱ्या तू निकालातून काढून टाकल्यास आणि पुन्हा केल्यास. हे तू एका वाक्यात, वीज मंडळाला शिव्या घालता घालता लिहिलंस! अगं, चांगले आलेले आकडेसुद्धा केवळ तापमानाचा भरवसा नाही म्हणून टाकून देणं, हे बावीस-तेवीस वर्षांच्या किती मुलांना सुचतं? वरच्या नामांकित संस्थांतून आलेल्यांनाही ते शिकवावं लागतं. उद्देशपत्र लिहिताना (सगळे त्याला एसओपी म्हणतात) याचा एक सबंध परिच्छेद कर. त्यात गरिबीची कहाणी नको, आमच्याकडे वीज नसते हो असा सूर नको. काय बिघडलं, कसं कळलं, काय केलं, उरलेल्या निकालांतून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, एवढंच. "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती" या वाक्याने सुरुवात करू नकोस. ती सगळ्यांनाच असते.

पेपर नाही म्हणून रडू नकोस. एमएस्सीनंतर अर्ज करणाऱ्या अनेकांकडे नसतो. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकात आत्ता घाईने काही छापून आणायचा मोह होईल, कुणीतरी सुचवेलही. त्या पानापेक्षा कोरी जागा बरी.

सगळ्यात जास्त मुलं अडखळतात ती शिफारसपत्रांवर, म्हणून इथे जरा थांबते. तीन पत्रं लागतात. तू लिहितेस की प्राचार्य, विभागप्रमुख आणि एक ओळखीचे निवृत्त प्राध्यापक अशी नावं ठरली आहेत आणि तिघेही म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." हा आपल्याकडचा जुनाच रिवाज. मी भुसावळहून अर्ज केले त्याला आता पंचवीसेक वर्षं होतील. तेव्हा मीही तिन्ही पत्रं स्वतःच लिहिली होती, एका रात्रीत, एकाच कॉम्प्युटरवर. पाचही ठिकाणांहून नकार आला. पुढे तिकडे शिकत असताना प्रवेश समितीवरच्या एका बाईंनी अशी पत्रं कशी ओळखू येतात ते हसत हसत सांगितलं: तिघांची विशेषणं तीच, स्वल्पविरामाच्या चुकासुद्धा त्याच. मी चहाच्या कपात बघत बसले.

तेव्हा पदाकडे पाहू नकोस. जिने तुला प्लेट ओतताना पाहिलंय तिचं पत्र हवं. तुझ्या प्रोजेक्टच्या मार्गदर्शक मॅडम कंत्राटी होत्या, आता दुसऱ्या कॉलेजात गेल्या, म्हणून तू त्यांचं नाव काढून प्राचार्यांचं घातलंस. उलट कर. प्राचार्य लिहितील की मुलगी सुशील आणि मेहनती आहे. मॅडम लिहितील की तिने दोन फेऱ्या टाकून दिल्या आणि मला विचारायच्या आधीच टाकून दिल्या. समितीला हे दुसरं वाक्य हवं असतं. मॅडमना मसुदा देऊ नकोस, एक पानभर टिपण दे: तुझ्या कामाच्या तारखा, काय केलं, कुठे चुकलं, पुढे काय करायचंय. त्यावरून त्या स्वतःच्या शब्दांत लिहितील. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. पत्र त्यांना स्वतःला ऑनलाइन चढवावं लागतं आणि तेही शक्यतो कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून. खासगी ईमेलकडे संशयाने पाहतात. आपल्याकडे कित्येक प्राध्यापकांना कॉलेजचा ईमेल असतो आणि पासवर्ड मात्र ऑफिसातल्या कुणाकडे तरी असतो. हे आत्ताच तपासून घ्यायला सांग, शेवटच्या रात्री नको.

कागदांचं अजून एक. तुझ्या गुणपत्रकावर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात, बीएस्सीच्या कागदांवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग निराळं. अर्जात सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिही. सीजीपीए आहे तसाच 10 पैकी दे. इंटरनेटवरच्या कुठल्यातरी सूत्राने त्याचं 4 पैकी करू नकोस. गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रतींसाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात दिवाळीच्या आधी जाऊन ये.

आता मला तुला एक विचारायचंय, आणि उत्तर मला पाठवायची गरज नाही. तुला पीएचडी हवी आहे की इथून सुटका? "इथे राहून काही होणार नाही" असं तू दोनदा लिहिलं आहेस. तासिकांचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, उन्हाळ्यात काहीच मिळत नाही, स्टाफरूममध्ये तुला अजून विद्यार्थीच समजतात. यातून सुटावंसं वाटणं अगदी रास्त आहे. पण पीएचडी म्हणजे अमेरिकेत पाच-सहा वर्षं आणि युरोपात तीन-चार वर्षं एकाच प्रश्नाशी झुंजत बसणं. त्यातले बरेच महिने प्रयोग फसण्यात जातात, आणि तेव्हा सुटकेची इच्छा उपयोगी पडत नाही. नुसती सुटकाच हवी असेल तर तिला याहून जवळच्या वाटा आहेत.

तुझ्या पत्राच्या तळाशी मात्र एक वाक्य आहे, म्हणून मला वाटतं की तुला प्रश्न खरंच पडलेला आहे. वडिलांची कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, हरण्या रोगाने गेली तेव्हा त्यांनी झाडं उपटून टाकली, आणि बांधापलीकडच्या शेतातली तीच रोपं त्याच आठवड्यात लावलेली असूनही वाचली. "ती का वाचली हे मला अजून कळलेलं नाही." उद्देशपत्राची सुरुवात इथून करता येईल. हरण्या म्हणजे सीएमव्ही, काकडीवर्गातल्या पिकांपासून तणांपर्यंत शेकडो वनस्पतींवर राहणारा आणि माव्यातून पसरणारा विषाणू. मग बांधावर काय होतं, शेजारी काय पेरलं होतं, मावा कधी आला, हे सगळे प्रश्न झाले. तुझं एमएस्सीचं काम बुरशीच्या मर रोगावर आहे, त्याचाही धागा मोठा आहे. मर रोगाचा टीआर-4 हा प्रकार बिहारमध्ये आढळला आहे आणि आपल्याकडचं ग्रँड नैन हे केळीचं वाण त्याला बळी पडतं. विषाणू की बुरशी, दोन्हींतलं एक ठरव. दोन्ही लिहिलंस तर कुठलंच मनापासून नाही असं वाटेल.

प्रश्न ठरला की देश आपोआप ठरतो. तू उलटीकडून निघाली आहेस, आधी अमेरिका आणि मग त्यात काय मिळतंय ते. बेल्जियममध्ये लूव्हेनच्या विद्यापीठात जगातला केळीच्या वाणांचा सर्वांत मोठा संग्रह आहे, परीक्षानळ्यांत जपलेले दीड हजारांहून अधिक नमुने. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला केळीच्या मर रोगावर काम चालतं. ऑस्ट्रेलियातही केळी पिकते आणि तिचे रोगही. आणि तिरुचिरापल्लीला आपलं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, जळगावहून रेल्वेने जाता येईल असं. त्याचा उल्लेख तुझ्या पत्रात एकदाही नाही, याचं मला जरा नवल वाटलं. जेआरएफला दरमहा 37 हजार मिळतात, चांगली प्रयोगशाळा इथेही असते, आणि इथे पीएचडी करून पुढच्या संशोधनासाठी बाहेर जाणारे पुष्कळ आहेत. नेट पुन्हा दे. ती हुकली म्हणजे तू संशोधनाला नालायक, असं काही नाही. ती परीक्षा वेगळं मोजते.

अमेरिकेवर सगळी भिस्त ठेवू नको म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. 2025 पासून तिथे संशोधनाच्या सरकारी निधीला कात्री लागली आहे आणि काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. तीन-चार अर्ज तिकडे कर, बाकी युरोपातल्या जाहिरातींवर लक्ष ठेव. त्या वर्षभर निघत असतात. जर्मनीचा विचार केलास तर विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपल्या पदव्या पडताळल्याचा दाखला) लागेल का ते आधी पाहा, त्याला वेळ लागतो.

प्राध्यापकांना ईमेल करशील तेव्हा दोनशे जणांना एकच मजकूर पाठवू नकोस. आठ-दहा जण निवड. प्रत्येकाचा एक तरी पेपर खरोखर वाच, आणि दीडशे शब्दांत तू काय केलंस, त्यांच्या कामातलं काय पटलं किंवा कळलं नाही आणि जागा आहे का, एवढं लिही. "रिस्पेक्टेड सर" लिहून ती बाई निघाली तर फार ओशाळवाणं होतं, आडनावाआधी डॉक्टर लावलं की प्रश्न मिटला. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण. युरोपात बहुतेक वेळा मार्गदर्शकच निवड करतो, तिथे हा ईमेल निर्णायक ठरतो. अमेरिकेत जीवशास्त्राच्या अनेक विभागांत समिती निवडते आणि पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून मग मार्गदर्शक ठरतो, त्यामुळे कुणी उत्तर दिलं नाही म्हणून अर्ज टाळू नकोस.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. टोफेल किंवा आयईएल्टीएस द्यावी लागेल, गुण दोन वर्षं चालतात. जीआरई अनेक विभागांनी बंदच केली आहे, तेव्हा यादी पाहिल्याशिवाय तिचे पैसे भरू नकोस. अडखळण्यावर उपाय म्हणजे तुझे स्वतःचेच तास: आठवड्यातली एक तासिका मुलांच्या परवानगीने इंग्रजीतून घे. दोन वर्षं शिकवल्याचा हा अनुभव अर्जातही ठळक लिही. तिकडे पहिल्या वर्षी तुला हेच काम देणार आहेत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक. नंदुरबार, धडगाव, शिरपूरकडच्या आदिवासी मुलामुलींसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी 20 जागा. अनुसूचित जातींसाठी केंद्राची वेगळी योजना आहे आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही. या योजना पीएचडीलाही लागू आहेत, पण जाहिरातींच्या तारखा विद्यापीठांच्या तारखांशी जुळतीलच असं नाही. दोन्हीकडे एकाच वेळी नजर हवी.

लग्नाबद्दल काकांशी वाद घालू नकोस. पीएचडी करता करता लोक लग्नही करतात. फक्त "मुलगी अमेरिकेला चालली" या एका गोष्टीवर आलेलं स्थळ असेल तर दोन पावलं मागे राहा, पत्र हाती नसताना तर नक्कीच. आणि आजीला तिच्याच भाषेत सांग की केळी का मरते ते पाहायला चाललेय. तिला ते काकांपेक्षा आधी कळेल, असं मला वाटतं.

उशीर झालेला नाही. श्रावण संपतोय. अमेरिकेतल्या बहुतेक अर्जांची मुदत 1 ते 15 डिसेंबरच्या दरम्यान संपते, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत ऑनलाइन होतात, आणि आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला हो-नाही कळवायला बहुतेक विद्यापीठं 15 एप्रिलपर्यंत वेळ देतात. तेव्हा वडिलांना सांग, गिऱ्हाईकाला आत्ता शब्द देऊ नका, सातबारा कपाटातच राहू द्या. एप्रिलमध्ये पत्र आलं तर त्यात विद्यावेतनाचा आकडा असेल, तो त्यांना रुपयांत करून दाखव. आणि मॅडम दिवाळीत गावी जातात असं तू लिहिलं आहेस. त्या जायच्या आत, गणपतीच्या सुट्टीतच टिपण घेऊन त्यांच्याकडे जा. तापमानाची ती वही सोबत ने.